सूत सापडलं, चादर अजून नाही

टीव्हीवर अधूनमधून लाल पट्टी येते : ‘परग्रहावर जीवसृष्टी सापडली?’ शेवटचं प्रश्नचिन्ह निवेदकाच्या आवाजात कधीच ऐकू येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी नावाच्या दूरच्या ग्रहावर जीवसृष्टीची खूण मिळाल्याची बातमी आली. सप्टेंबरमध्ये मंगळावरच्या एका ठिपक्याठिपक्यांच्या दगडाची आली. त्याच वर्षी सूर्यमालेबाहेरून ३आय-अ‍ॅटलास नावाचा धूमकेतू आला, तर काही वाहिन्यांनी त्याला सरळ परग्रहवासीयांचं यान करून टाकलं. (तो धूमकेतूच होता. १ जुलैला चिलीतल्या दुर्बिणीला दिसला, डिसेंबरात पृथ्वीपासून सुमारे २७ कोटी किलोमीटरवरून निघून गेला. त्यात एवढंच.)

सोलापुरात शाळांमधून आकाशाविषयी बोलायला जातो, तेव्हा पोरं या बातम्यांवरून मला धारेवर धरतात. “सर, सापडलं का नाही सापडलं, एकदाचं सांगा.” एका शब्दात उत्तर : नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हटलं की पोरांना वाटतं, शास्त्रज्ञ उगाच बोंब मारतात. तसंही नाही. बातम्यांमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते : जीवाला लागणारा कच्चा माल सापडणं, जीव राहू शकेल अशी जागा सापडणं, आणि प्रत्यक्ष जीव सापडणं. आजवरच्या बातम्या पहिल्या दोन गोष्टींच्या आहेत. तिसरी किती लांब आहे हे समजायचं तर आधी आपल्याच पृथ्वीवर जीव कसा सुरू झाला असेल, तिथून सुरुवात करावी लागते.

जीव कशाला म्हणायचं?

आग खाते, वाढते, पसरते, एका आगीतून दुसरी पेटते. तरी तिला आपण जिवंत म्हणत नाही, कारण काडीनं पेटलेली काय आणि विजेनं पेटलेली काय, आग ती आगच. आईचा गुण लेकीत उतरावा तसं तिच्यात काही उतरत नाही. नासानं कामापुरती एक व्याख्या धरली आहे : स्वतःला टिकवून धरणारी आणि उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. म्हणजे बाहेरून ऊर्जा घ्यायची, स्वतःची नक्कल करायची आणि नक्कल करताना होणाऱ्या बारीकसारीक चुका पुढच्या पिढीत न्यायच्या. यातली एखादी चूक फायद्याची ठरली की ती टिकते. बाकीचं सगळं, डोळे, पंख, मेंदू, इथून पुढे हळूहळू येतं.

व्याख्येत फटी आहेत. खेचराला पिल्लं होत नाहीत, विषाणूला दुसऱ्याच्या पेशीशिवाय काही जमत नाही. पण आपल्या कामाला ती पुरेशी आहे.

कच्चा माल ढिगानं आहे

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या थरांचे जवळपास ३५० कोटी वर्षांपूर्वीचे ठसे मिळतात. म्हणजे पृथ्वी निवल्यावर फार उशीर न होता जीव इथं आलेला होता. कसा?

१९२०च्या दशकात दोघांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली : रशियात ओपारिन आणि इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हाल्डेन. सुरुवातीच्या पृथ्वीवर प्राणवायू जवळजवळ नव्हता. वीज आणि ऊन यांच्या जोरावर साध्या वायूंपासून सेंद्रिय पदार्थ बनले आणि समुद्रात साठत गेले, अशी ती कल्पना. हे हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव येतं, पण ते ‘आपले’ झाले होते हे फार थोड्यांना माहीत असतं.

कल्पना तपासली ती १९५३ मध्ये शिकागोच्या स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्यानं, हॅरॉल्ड युरी या त्याच्या गुरूंच्या हाताखाली. काचेच्या बंद उपकरणात पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन घेतलं, पाणी उकळत ठेवलं आणि वायूंमध्ये विजेच्या ठिणग्या सोडल्या. काही दिवसांत पाणी रंगलं आणि त्यात अमायनो आम्लं सापडली. अमायनो आम्लं म्हणजे ज्यांच्या साखळ्यांपासून प्रथिनं बनतात ते छोटे रेणू. मिलरच्या जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या २००८ मध्ये नव्या यंत्रांनी तपासल्या, तेव्हा त्यांत त्याला दिसली होती त्याहून कितीतरी जास्त अमायनो आम्लं निघाली.

यावर आक्षेप रास्तच होता. तेव्हाच्या हवेत मिथेन-अमोनिया इतकं नसावं, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असावा, आणि तशा हवेत माल फार कमी बनतो. पण मग आकाशानंच साक्ष दिली. सप्टेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ पडलेल्या अशनीत सत्तरहून अधिक प्रकारची अमायनो आम्लं सापडली. पडलेल्या दगडाला इथली माती लागली असेल ही शंका मात्र अशनींच्या बाबतीत कायम राहते. ती फिटली सप्टेंबर २०२३ मध्ये. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानानं बेन्नू या लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम माती सीलबंद डब्यात आणली. त्यात सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमायनो आम्लं निघाली, आनुवंशिक संदेशाची पाचही ‘अक्षरं’ निघाली, आणि २०२५च्या अखेरीस रायबोज नावाची साखरही निघाली. या साखरेचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बेन्नूच्या मातीतली आणखी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बहुतेक अमायनो आम्लांचे रेणू दोन प्रकारांत येतात, डावे आणि उजवे. एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. पृथ्वीवरचे सजीव आपल्या प्रथिनांसाठी फक्त डावे वापरतात. घरातली मुंगी असो की नान्नजच्या माळावरचा माळढोक, सगळे डावेच. बेन्नूवर डावे आणि उजवे जवळपास सारखेच निघाले. नुसत्या रसायनशास्त्रातून माल बनला की तो असा मिसळ बनतो. निवड तिथं झालेली नसते.

थोडक्यात, जीवाचं सूत अवकाशात जागोजाग कातलं जातं. म्हणून ‘अमुक ठिकाणी सेंद्रिय रेणू सापडले’ ही बातमी आता मला फारशी चकित करत नाही.

आधी पट्टी की आधी माग?

खरी अडचण पुढे आहे. ती समजायला सोलापूरकरांना लांब जावं लागत नाही.

पूर्व भागात एखाद्या कारखान्यात जुना जकार्डचा माग चालू असेल तर जवळ उभं राहून बघा. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ टांगलेली असते. खडखडाट करत एकेक पट्टी फिरून पुढे येते. जिथं भोक आहे तिथली सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे धागे वर होतात. जिथं भोक नाही तिथले धागे खालीच राहतात. मधल्या फटीतून धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन सटकन पलीकडे जातो. पुढची पट्टी, पुढचा धोटा. चादरीवर वेलबुट्टी उमटत जाते, पण पट्ट्यांवर वेल कुठंच काढलेली नसते, नुसती भोकं. असा माग दाखवताना एक अण्णा मला म्हणाले होते, “नकाशा सगळा पट्टीत, सर. माग मुका आहे.” आता बऱ्याच मागांवर पट्ट्या जाऊन संगणक आलाय, तरी तत्त्व तेच.

आपल्या पेशीत डीएनए म्हणजे ही पट्ट्यांची माळ. मघाच्या पाचांपैकी चार अक्षरांत लिहिलेला मजकूर, काम शून्य. प्रथिनं म्हणजे माग. अन्न फोडणं, धागे जोडणं, दुरुस्ती, सगळी मेहनत त्यांची. कोणतं प्रथिन कसं बनवायचं हे डीएनएत लिहिलेलं असतं. आणि डीएनए वाचायला, त्याची नक्कल काढायला प्रथिनंच लागतात. कल्पना करा, मागाचा प्रत्येक सुटा भाग त्याच पट्ट्यांवरून विणला जातोय आणि पट्ट्यांना भोकं पाडायचं काम तोच माग करतोय. मग पहिल्या दिवशी कारखान्यात आधी काय आलं?

या कोड्यानं कित्येक दशकं लोकांना अडवून धरलं. वाट दिसली ती १९८०च्या दशकात. टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना आढळलं की आरएनए हा डीएनएचा भाऊबंद स्वतःही काम करू शकतो. आरएनए संदेश वाहून नेतो हे माहीत होतंच. पण त्याचे काही रेणू स्वतःला कापतात, जोडतात, म्हणजे एरवी जे प्रथिनांकडे असतं ते काम करतात. या दोघांना १९८९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मग अशी कल्पना रुजली की सुरुवातीला डीएनए नव्हता, प्रथिनांचे मागही नव्हते. आरएनए एकटाच पट्टीही होता आणि मागही. जास्त टिकाऊ पट्टी आणि जास्त वेगवान माग नंतर आले.

याचा पुरावा आपल्याच शरीरात आहे, हे मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं. पेशीत प्रथिनं विणणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. त्याची बारीक रचना उलगडल्याबद्दल २००९चं नोबेल तिघांना मिळालं, त्यात तमिळनाडूत जन्मलेले आणि बडोद्यात वाढलेले वेंकी रामकृष्णन होते. या यंत्राच्या गाभ्यात, जिथं अमायनो आम्लं प्रत्यक्ष एकमेकांना जोडली जातात, तिथं प्रथिन नाही, आरएनए आहे. प्रथिनांनी सगळा कारखाना ताब्यात घेतला, पण मुख्य मागावर अजून तोच जुना कारागीर बसलाय.

आरएनए बनायला तीन भाग लागतात : अक्षरं, फॉस्फेट आणि रायबोज साखर. बेन्नूवरच्या रायबोजचं कौतुक होतं ते यासाठी. डीएनएला लागणारी साखर त्या नमुन्यात मिळाली नाही, आरएनएची मिळाली.

आता अडचणी. आरएनए नाजूक असतो, पाण्यात तुटतो. त्याचे भाग साध्या रसायनांपासून एकत्र आणणं फार काळ कुणाला जमत नव्हतं. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन सदरलँड यांच्या गटानं एक वेगळा मार्ग दाखवला, तेव्हा चार अक्षरांपैकी दोन जमली. स्निग्धाम्लांचे रेणू पाण्यात आपोआप पोकळ फुगे करतात, त्यामुळे पेशीच्या आवरणाची काळजी तुलनेनं कमी आहे. पण साध्या रसायनांपासून सुरू करून स्वतःची नक्कल करत राहणारा जीव आजवर कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झालेला नाही. कुणी ‘झाला’ म्हणून सांगितलं तर पैज लावायला हरकत नाही.

डबकं की समुद्राचा तळ?

डार्विननं १८७१ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात कोमट पाण्याच्या छोट्या डबक्याची शक्यता मांडली होती. आज तिला नवं बळ आलंय, कारण रेणूंच्या साखळ्या जुळताना दर जोडामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. भोवती पाणीच पाणी असेल तर हे जोड जमत नाहीत. आटलं की जमतात. उन्हाळ्यात आपला एकरुख तलाव मागे हटतो, काठचा गाळ वाळून भेगाळतो, वळवाच्या सरीनं पुन्हा भिजतो. विरघळलेलं सगळं आटताना एकवटतं, जोडलं जातं, भिजताना सुटं होऊन मिसळतं. जमिनीवरच्या गरम झऱ्यांच्या काठी हे भिजणं-वाळणं रोज होऊ शकतं.

दुसरा पक्ष समुद्रतळाचा. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ, सूर्यप्रकाश पोहोचत नाही इतक्या खोल, अल्विन पाणबुडीतून शास्त्रज्ञांना गरम पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवती जिवांची गजबज दिसली. सन २००० मध्ये अटलांटिकच्या तळाशी अल्कधर्मी पाण्याचे वेगळेच झरे सापडले. तिथं खडक आणि पाणी यांच्या क्रियेतून हायड्रोजन सुटत राहतो, आणि झऱ्याचं पाणी व समुद्राचं पाणी यांच्यात रासायनिक फरक टिकून राहतो. अशाच फरकावर आपल्या पेशी आजही ऊर्जा कमावतात.

माझा कल डबक्याकडे आहे, कारण आरएनए जुळायला वाळणं लागतं. पण ऊर्जेचा हिशोब झरेवाल्यांचा जास्त पक्का आहे, हे मान्य करावं लागतं. हा वाद नुसता पंडिती नाही. समुद्राच्या तळाशी जीव सुरू होऊ शकत असेल तर शनी-गुरूच्या बर्फाळ चंद्रांवरही होऊ शकतो. डबकंच लागत असेल तर तिथं आशा मावळते.

‘पण हे आपोआप कसं होईल?’

हा प्रश्न प्रत्येक शाळेत येतो, आणि बहुतेकदा पोरांपेक्षा शिक्षकच विचारतात. शंभर अमायनो आम्लांची साखळी योगायोगानं नेमक्या क्रमानं जुळायची शक्यता काढली तर आकडा इतका सूक्ष्म येतो की विश्वाचं आयुष्य पुरत नाही. गणित बरोबर आहे. चूक गृहीतकात आहे. पहिल्याच झटक्यात आजच्यासारखं प्रथिन जुळलं असं कुणी म्हणत नाही. कसाबसा, ढिसाळपणे नक्कल करणारा एक छोटा रेणू पुरतो. तो आला की निवड सुरू होते. बरी नक्कल करणारे वाढतात, बाकीचे तुटतात. आणि रसायनं पत्त्यांसारखी पिसली जात नाहीत, काही जोड सहज जमतात आणि काही जमतच नाहीत. त्या पहिल्या रेणूची शक्यता किती, हा प्रश्न मात्र खरोखर उघडा आहे.

‘विस्कळितपणा वाढतच जातो असं भौतिकशास्त्र सांगतं, मग व्यवस्था कशी आली?’ तो नियम बंद व्यवस्थेचा आहे. पृथ्वीवर वरून सूर्य आणि खालून पृथ्वीचीच उष्णता सतत ऊर्जा ओतत असतात.

‘मग आज का नाही होत?’ याचं उत्तर डार्विननं त्याच पत्रात देऊन ठेवलंय : आज असं काही बनलं तर आधीपासून असलेले जीव ते ताबडतोब खाऊन टाकतील. त्यात भर म्हणजे आताच्या हवेतला प्राणवायू असले नाजूक रेणू टिकू देत नाही.

देवाचा प्रश्नही येतो. त्यावर मी वाद घालत नाही. देवानं केलं असेल तर कोणत्या रीतीनं केलं, एवढं शोधायला कुणाची हरकत नसावी.

‘बाहेरूनच आलं असेल तर?’

इथं महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. जीवाचं बीज अवकाशातून आलं, या मताचे एक मोठे पुरस्कर्ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल, आणि त्यांचे शिष्य आपले जयंत नारळीकर. नारळीकर सर नुसतं मत मांडून थांबले नाहीत, त्यांनी प्रयोग करायला लावला. २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक केलेल्या नळकांड्यांत भरून आणली. त्यातल्या सूक्ष्मजीवांची तपासणी हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत झाली, आणि २००९ मध्ये इस्रोनं तीन नव्या जिवाणूंची घोषणा केली. एकाला हॉइलचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. मात्र ते परग्रहावरून आले असं इस्रोनं म्हटलं नाही. पृथ्वीवरचे जंतूही वाऱ्या-वादळांबरोबर खूप उंच जातात.

दगड एका ग्रहावरून दुसऱ्यावर येतात, हे मात्र पक्कं. १८६५ मध्ये बिहारमध्ये शेरघाटीला पडलेली अशनी मंगळावरची आहे. त्या जातीच्या सगळ्या अशनींना आज जगभर शेरघाटीवरूनच नाव आहे. म्हणजे मंगळावर आघात होऊन उडालेला दगड प्रवास करत इथं येऊ शकतो, आणि आत एखादा चिवट जंतू असेल तर कदाचित तोही.

पण यानं कोडं सुटत नाही, नुसतं सरकतं. तिथं कसा सुरू झाला, हा प्रश्न राहतोच.

मंगळावरचे ठिपके

आपण ज्या काळ्या दगडावर राहतो तो बेसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचाच. म्हणून बेसॉल्टमध्ये आघातानं झालेल्या आपल्या लोणार सरोवराकडे मंगळाचे अभ्यासक कुतूहलानं बघतात. लोणारचं पाणी खारं आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं, मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी सुमारे तीन किलोमीटर खोल विंधन घेतलं, तिथं बेसॉल्टखालच्या ग्रॅनाइटमधूनही सूक्ष्मजीव मिळाले. जीव एकदा रुजला की खडकातही हटत नाही, एवढं यातून कळतं. मंगळाचा पृष्ठभाग आज कोरडा आणि किरणोत्सर्गानं भाजलेला असला तरी खोलवरचं दार बंद झालेलं नाही.

नासाची पर्सिव्हरन्स गाडी फेब्रुवारी २०२१ पासून जेझेरो विवरात फिरते आहे. तिथं अब्जावधी वर्षांपूर्वी तलाव होता. जुलै २०२४ मध्ये तिला तिथल्या जुन्या नदीच्या पात्रात चिखलाचा झालेला एक दगड मिळाला. त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके : कडा गडद, मध्य फिका. त्यात सेंद्रिय कार्बन, लोहाचं फॉस्फेट आणि लोहाचं सल्फाइड आढळलं. पृथ्वीवर चिखलात राहणारे सूक्ष्मजीव ऊर्जा मिळवताना अशी खनिजं मागे ठेवतात. जिवाशिवायही ती बनतात, पण त्यासाठी बहुधा जास्त उष्णता लागते आणि हा दगड तसा तापल्याच्या खुणा दिसत नाहीत. सप्टेंबर २०२५च्या शोधनिबंधात शास्त्रज्ञांनी शब्द जपून वापरले : ‘संभाव्य’ जीवखूण. मथळ्यांत पहिला शब्द गळाला.

त्यांची सावधगिरी अनुभवातून आली आहे. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या व्हायकिंग यानांच्या एका प्रयोगानं मंगळावर जीव असल्यासारखं उत्तर दिलं. दुसऱ्या उपकरणाला सेंद्रिय पदार्थच सापडले नाहीत. १९९६ मध्ये अंटार्क्टिकात मिळालेल्या मंगळाच्या अशनीत जिवाणूंचे अवशेष दिसल्याचा दावा झाला, अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन त्यावर बोलले. पुढे त्यातल्या प्रत्येक खुणेला जिवाशिवायचं स्पष्टीकरण मिळालं. ठिपक्यांच्या दगडाचा नमुना गाडीनं नळीत भरून ठेवलाय. तो पृथ्वीवर आणायची अमेरिकेची मोहीम पैशांपायी अडली आहे. चीनची तियानवेन-३ मोहीम २०२८च्या सुमारास निघून मंगळाची माती आणायच्या तयारीत आहे, अर्थात वेगळ्या जागेची.

१२४ प्रकाशवर्षांवरचा वायू

के२-१८बीची गोष्ट थोडक्यात आटोपतो, कारण तिच्यात जीव कमीच आहे. ग्रह पृथ्वीच्या अडीचपटीहून थोडा रुंद. त्याच्या हवेतून गाळून आलेला ताऱ्याचा प्रकाश जेम्स वेब दुर्बिणीनं तपासला. भारतात शिकलेले, केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाला त्यात डायमिथाइल सल्फाइडचा संकेत दिसला. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती सोडतात. पण संकेत तीन सिग्माचा होता (सिग्मा म्हणजे संकेत निव्वळ योगायोग नाही याची खात्री मोजायचं माप). भौतिकशास्त्रात शोध म्हणायला पाच सिग्माची कितीतरी कडक कसोटी लावतात. इतर गटांनी तीच माहिती वेगळ्या पद्धतीनं तपासली तेव्हा खात्रीलायक काही उरलं नाही. आणि हाच वायू ६७पी या धूमकेतूवरही सापडलाय, जिथं समुद्रही नाही आणि वनस्पतीही. आपल्याला दिसला तो प्रकाश तिथून १९०१च्या सुमारास निघाला, सोलापुरात जुनी मिल जोरात चालू होती तेव्हा. यान पाठवून खात्री करायची सोय नाही.

मग खरी मोठी बातमी कोणती?

‘पृथ्वीवर जीव इतक्या लवकर आला, म्हणजे तो सहज येत असणार’ असं खूप जण म्हणतात. मला हा तर्क लंगडा वाटतो. विचार करणारा प्राणी उत्क्रांत व्हायला अब्जावधी वर्षं लागतात. सुरुवात उशिरा झालेल्या ग्रहावर हा प्रश्न विचारायला कुणी उरलाच नसता. सहा हजारांहून अधिक बाह्यग्रह, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह, सापडले, त्यांनीही हे ठरत नाही. जागा किती आहेत ते कळलं. जागेवर सुरुवात होण्याची शक्यता किती, ते एका उदाहरणावरून काढता येत नाही. दुसरं उदाहरण हवं, आणि ते पहिल्याशी नातं नसलेलं हवं.

म्हणूनच मंगळावर उद्या खरोखर जीव सापडला तरी प्रश्न अर्धाच सुटेल. शेरघाटीच्या दगडासारखे दगड मंगळावरून इथं येत राहिलेत. तिथले जीव आपलेच चुलत भाऊ असू शकतात. सुरुवात एकदाच झाली आणि बी इकडून तिकडे उडालं, असंही निघेल. शनीचा चंद्र एन्सेलॅडस आणि गुरूचा चंद्र युरोपा यांच्यापर्यंत आपल्याकडचा दगड जाऊन, बर्फाचं जाड कवच भेदून खालच्या समुद्रात पडणं फार अवघड. तिथं जीव सापडला तर तो बहुधा स्वतंत्र. आणि एकाच सूर्याभोवती दोनदा सुरुवात झाली असेल, तर आकाशगंगेत ती सर्रास होत असणार.

तो स्वतंत्र आहे हे ओळखायचं कसं? इथं ते डावे-उजवे रेणू कामाला येतात. एन्सेलॅडसवरून बाहेर उडणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात डावे-उजवे निम्मेनिम्मे निघाले तर तो नुसता कच्चा माल, बेन्नूसारखा. एकाच हाताचे जास्त निघाले तर कान टवकारायचे. आणि ते उजवे निघाले, तर आपल्या वंशाशी त्यांचा संबंध जोडणं जवळपास अशक्य होईल.

युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय, एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल. ते जीव शोधणार नाही. युरोपा राहण्याजोगा आहे का, एवढंच बघणार. एन्सेलॅडसच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून त्याच्या समुद्राचं पाणी फवाऱ्यांनी बाहेर उडतं, म्हणजे तिथं बर्फ खणायचीही गरज नाही. युरोपीय अवकाश संस्था २०४०च्या दशकात तिथं यान पाठवायचा बेत आखते आहे. तोवर हाताशी आहे ती कॅसिनी यानानं फवाऱ्यांतून जाताना टिपलेली माहिती. कॅसिनी २०१७ मध्ये शनीच्या वातावरणात शिरून नष्ट झालं. त्याची माहिती अजून चाळली जातेय, आणि आरएनएला लागणारं फॉस्फेट एन्सेलॅडसच्या पाण्यात असल्याचं २०२३ मध्ये कळलं ते त्यातूनच.